शेतकरी क्रमांक सात

प्रामाणिकपणा शिकवायचं काम धम्मप्रिया सोनकांबळेनं मागून घेतलं नव्हतं. ते तिच्या गळ्यात पडलं. आणि गळ्यात म्हणजे खरोखरच गळ्यात, कारण त्याच्यासोबत लटकवायचं एक ओळखपत्र होतं. त्यावर छापलं होतं, 'सचोटी-सहाध्यायी'. हा शब्द नांदेडच्या बसमध्ये कुणी वाचला, तर पुढच्या थांब्यापर्यंत तो अर्थ लावतच बसे.

झालं असं की त्यांच्या समाजकार्याच्या कॉलेजात वरून एक परिपत्रक आलं. विद्यार्थ्यांनी दुसऱ्याचं उतरवून काढू नये, हे शिक्षक सांगून सांगून थकले आहेत. तेव्हा यापुढे ते विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना सांगावं. बरोबरीच्यानं सांगितलेलं मनाला लागतं, असा त्यामागचा विचार. विभागप्रमुख चन्नबसप्पा सर उदगीरकडचे. त्यांनी परिपत्रक वाचून चष्मा पुसला आणि म्हणाले, "आजपर्यंत आलेल्यांपैकी हे पहिलंच, जे मला मनापासून पटलं."

आणि त्यांनी धम्मप्रियाला बोलावलं.

तिलाच का, तर त्याला एक कारण होतं. या कॉलेजात बी.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला गावात जाऊन शेतकऱ्यांचं सर्वेक्षण करायचं असतं. करायचं असतं म्हणजे तसा नियम आहे. प्रत्यक्षात एक जुनी फाईल आहे. ती वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्या मुलाला देतो, एखादी सासू सुनेला पाटल्या देते तशा गंभीरपणे. खालच्यानं ती नव्या कागदावर उतरवायची, गावाचं नाव तेवढं बदलायचं आणि जपून पुढे द्यायची. सगळं हातानं लिहिलेलं, त्यामुळे चोरी पकडणाऱ्या त्या कॉम्प्युटरलाही काही पत्ता लागत नाही. धम्मप्रिया दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा तिला ती फाईल कुणी दिलीच नव्हती. ती मुरूडची, म्हणजे लातूर जिल्ह्यातली; नांदेडात ओळख ना पाळख. फाईल नावाची वस्तू अस्तित्वात आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. मग बिचारी खरंच एका गावात गेली, उन्हात फिरली, लोकांना प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून आणली. तिच्या बेरजेत एक ठळक चूक होती. ती चूक पाहून चन्नबसप्पा सर खुर्चीतून उठून उभे राहिले म्हणतात. बाकी सगळ्या चुका त्यांच्या ओळखीच्या होत्या. ही नवी होती.

तेव्हा धम्मप्रियाचा प्रामाणिकपणा हा असा, ओळखीपाळखी नसण्यातून आलेला. पण एकदा लोक तुम्हाला प्रामाणिक म्हणायला लागले की सुटका नसते.

तिचे वडील केरबा लातुरात एका खाजगी क्लासच्या दारावर वॉचमन आहेत. मुरूडहून रोज ये-जा. डॉक्टर व्हायला निघालेल्या शेकडो पोरांच्या चपला ते ओळखतात. कुणाची चप्पल झिजली म्हणजे त्याची टेस्ट जवळ आली, असंही सांगतात. त्याच क्लासात धम्मप्रियाला फीमध्ये सवलत मिळाली होती. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात राहिली. दुसऱ्या निकालाच्या दिवशी केरबांनी घरी येऊन एवढंच विचारलं होतं, "जेवलीस का?" मग ती नांदेडला आली, समाजकार्य घेतलं, आणि आता एम.एस.डब्ल्यू.च्या शेवटच्या वर्षाला होती. स्वभाव थोडा कडक. हसली तर छान दिसते, पण आधी नियमात बसतं का ते पाहून हसते.

तिला नेमून दिलेल्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातला मल्लेश देगलूरचा. त्यानं पहिल्याच दिवशी तिचं नाव 'सचोटीताई' ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत मेसच्या बाईसुद्धा विचारायला लागल्या, "सचोटीताई, अजून एक पोळी वाढू का? खरं सांगा."

पहिल्या तासाला वरून आलेलं सादरीकरण पडद्यावर दाखवायचं होतं. 'दुसऱ्याचे विचार वापरताना त्याचे नाव द्या', असं त्यात पानोपानी लिहिलं होतं. शेवटच्या पानावर मात्र भलत्याच कुठल्या तरी विद्यापीठाचा शिक्का पुसायचा राहून गेला होता.

"ताई," मल्लेश म्हणाला, "हे कुणाचं उतरवलंय, त्याचं नाव कुठं हाय?"

सगळा वर्ग हसला. धम्मप्रियानं पडदा बंद केला. रडू येईल असं तिला वाटलं, पण तेवढ्यात तिला सुचलं ते बरं सुचलं. ती म्हणाली, "उद्या आपापल्या सर्वेक्षणाच्या फाईली घेऊन या. आपण नुसत्या वाचू. दुसरं काही नाही."

दुसऱ्या दिवशी तिच्या गटातली पाच-सहा पोरं आली. फाईली उघडल्या. अक्षरं वेगळी, शाई वेगळी, गावं वेगळी, माणसं तीच. मल्लेशनं बातम्या वाचाव्यात तसं वाचायला सुरुवात केली.

"शेतकरी क्रमांक सात. वय शेहेचाळीस. चार एकर केळी. विहिरीला आठ महिने पाणी. व्यापाऱ्याने केळीचे पैसे हजाराच्या नोटांत दिले..."

"थांब," धम्मप्रिया म्हणाली. "हजाराची नोट? ती बंद होऊन किती वर्षं झाली?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. म्हणजे हा शेतकरी दहाएक वर्षं शेहेचाळिशीतच अडकला होता. इतकी वर्षं त्याच्या विहिरीला आठच महिने पाणी होतं आणि व्यापारी त्याला बंद पडलेल्या नोटा देत होता.

मल्लेशला तर चेवच आला. "पुढं ऐका. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं आहे. धाकटी मुलगी चौथीत आहे. अगं माय! दहा वर्षं झाली, थोरली मुंडावळ्या बांधून तशीच बसलीय अन् धाकटी चौथीतच! लई मठ्ठ दिसती पोरगी."

सगळ्यात जोरात हसली शिल्पा. अर्धापूरच्या पलीकडच्या एका गावातली. शेजारच्या मुलीच्या खांद्यावर डोकं टेकवून हसली. तिनं तर शेतकरी क्रमांक सातला थेट आपल्याच गावचं नाव देऊन टाकलं होतं. दुसरं गाव शोधायचा कंटाळा.

"अन् शेवटी काय लिहिलंय," मल्लेशनं आवाज चढवला, "अनेक अडचणी असूनही शेतकरी समाधानी आहे."

"यातल्या कुणी याला भेटलंय?" धम्मप्रियानं विचारलं.

सगळ्यांनी आपापल्या फाईली मिटल्या. मग तिनं नियम सांगितला. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या शनिवारी फाईली जमा करायच्या. प्रत्येक फाईलला एक कागद जोडायचा: हे काम या विद्यार्थ्याने स्वतः केले आहे, हे मी सोबत बसून तपासले आहे. खाली सही सहाध्यायीची, म्हणजे तिची. सही नसेल तर फाईल घेणार नाहीत. नव्यानं सर्वेक्षण करायला आठवड्याच्या वर वेळ होता.

मल्लेशनं कुरकुर केली, पण देगलूरला घरी जायचं निमित्त मिळालं म्हणून कबूल झाला. बाकीचेही एकामागून एक हो म्हणाले. शिल्पा तेवढी गप्प राहिली.

आता इथं एक सांगायला हवं. शिल्पा ही धम्मप्रियाची हॉस्टेलमधली रूम-पार्टनर. नांदेडात धम्मप्रियाची मैत्रीण अशी ती एकटीच. ताप आला तर धम्मप्रियानं तिचे कपडे धुवायचे आणि तिनं हिच्यासाठी घरून केळी आणायची, इतकी की खोलीला कायम पिकल्या केळ्यांचा वास. त्या संध्याकाळी खोलीत शिरल्याबरोबर शिल्पा म्हणाली, "ताई, माझ्या फाईलवर सही करून टाक."

"सर्वेक्षण कर, करते."

"दुसरं काही पण सांग. मी गावात प्रश्न विचारत न्हाई फिरणार."

"कामून?"

"हसतेत लोकं. तू मुरूडची, तुला कोण ओळखतंय. माझ्या गावात मी भुजंगरावाची धाकटी हाय. ज्यांच्या म्होरून मान खाली घालून जायचं, त्यांना जाऊन विचारू का, काका, तुमचं वर्षाचं उत्पन्न किती? घरी माझ्या आधी बातमी पोचेल."

"मग दुसऱ्या गावात जाऊ."

"तिथं आत्या हाय."

"त्याच्या पलीकडच्या?"

"तिथं मावशी."

धम्मप्रियानं मान हलवली. शिल्पाचा आवाज बारीक झाला. "मागच्या वर्षीचा एक विषय राहिलाय माझा. ही फाईल गेली की वर्ष गेलं. अन् वर्ष गेलं की माझं शिक्षण बंद. थोरलीचं असंच केलं. एकदा नापास झाली, दिवाळीत लग्न. तुझी एक सही, ताई. कुणाला कळणारे?"

"मला कळेल ना गं."

हे वाक्य फार मोठं वाटतं, पण धम्मप्रिया ते अगदी रडवेल्या आवाजात म्हणाली होती. त्यानंतर खोलीत अबोला. एका खोलीत राहून अबोला धरणं किती अवघड असतं, ते हॉस्टेलमध्ये राहिलेल्यांनाच माहीत. बादली एक, बोलायचं कसं? शिल्पा बादली दारात आपटून ठेवायची. म्हणजे तुझा नंबर. धम्मप्रिया ती उचलायची आणि भरून आणून शिल्पाच्या कॉटखाली सरकवायची. म्हणजे मी रागावलेली नाही. शिल्पा ती लाथेनं मागं सारायची. म्हणजे मी आहे.

मधल्या शनिवारी धम्मप्रियानं बादलीशी बोलावं तसं खाली बघून म्हटलं, "उद्या मी तुझ्या गावाला येते. प्रश्न मी विचारीन, तू नुसती शेजारी बस. पहिला शेतकरी तुझ्या घरातलाच घेऊ. घरात कोण हसणार आहे?"

शिल्पा बादलीचं कडं वाजवत राहिली. मग म्हणाली, "अण्णा हसतील."

अण्णा, म्हणजे शिल्पाचे वडील भुजंगराव, हसले नाहीत. उलट ते घाबरले. पोरगी रविवारी न सांगता आली, सोबत गळ्यात ओळखपत्र घातलेली मॅडम. त्यांना वाटलं कॉलेजातून काहीतरी तक्रार आली. हे सर्वेक्षण आहे असं कळल्यावर ते आत गेले आणि धुतलेला सदरा घालून बाहेर आले. त्यावरही केळीच्या चिकाचे काळपट डाग होते. ते डाग कुठल्याच साबणानं जात नाहीत, म्हणून त्या भागात धुतलेला सदरा फक्त वासावरून ओळखायचा.

शिल्पाच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, चुलीवर चहा ठेवला आणि धम्मप्रियाला विचारलं, "आडनाव काय म्हणलीस बाई?"

"सोनकांबळे. मुरूडची."

आडनावानंतर कधी कधी एक छोटीशी शांतता येते. धम्मप्रियाच्या ती लहानपणापासून ओळखीची. लक्ष्मीबाईंच्या घरी ती किती लांबली असती हे कळायला मार्ग नाही, कारण तेवढ्यात दूध उतू गेलं. मग चहा आला, सगळ्यांना सारख्याच कपांत. धम्मप्रियानं कपांकडे पाहून घेतलं होतं. ते पाहायला तिला कुणी शिकवलं नव्हतं; आपोआपच पाहिलं जातं.

"हं, विचारा मॅडम," भुजंगराव खाटेवर ताठ बसले.

धम्मप्रियानं फॉर्म उघडला, आणि काय मनात आलं कोण जाणे, तो शिल्पाच्या मांडीवर ठेवला. शिल्पानं तिच्याकडे जळजळीत पाहिलं. अण्णा वाट बघत होते.

"वय?" शिल्पा पुटपुटली.

"तुझ्या मायला विचार."

"छप्पन," आतून आवाज आला.

"शिक्षण?"

"नववी लिही. नापास लिहू नको, नुसतं नववी."

"काका, खरं लिहावं लागतं," धम्मप्रिया म्हणाली.

"आस्सं? मग लिही, गणितात नापास. पण मराठीत पास होतो, ते पण लिही. खरं म्हणजे सगळंच खरं."

शिल्पाला हसू फुटलं. अण्णा नववीत होते हेच तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं चौथी. ती पुढचे प्रश्न जरा मोठ्यानं विचारायला लागली. क्षेत्र किती, पाणी किती, नवी लावण किती आणि जुन्या खुंटावर फुटलेला खोडवा किती. भुजंगराव सरकारी सुरात उत्तरं देत होते. मधेच लेकीला "लिहा, लिहा" असं अहो-जाहो करत होते. विहिरीच्या प्रश्नाला ते थांबले.

"हे सगळं मागं एकदा लिहून नेलंय की. तुमच्याच कॉलेजातलं पोरगं होतं. उन्हाळा होता. बांधावर बसला, असंच सगळं विचारला, दोन केळी खाल्ला अन् गेला. मी त्याला त्या व्यापाऱ्याचं पण सांगितलं होतं. सगळे हजाराचेच बंदे देऊन गेला अन् गावात कुणी सुट्टे देईना."

शिल्पाचा पेन थांबला.

"हे कधी, अण्णा?"

"लई वर्षं झाली. थोरलीचं जमलं होतं तवा. तू लहान होतीस. चौथीत असशील."

धम्मप्रियानं शिल्पाकडे पाहिलं नाही. काही वेळा न पाहणं हीच मदत असते. शिल्पानं ती फाईल हॉस्टेलच्या कॉटवर पालथं पडून उतरवली होती, मोबाईलवर गाणी लावून. उतरवायचं असलं की वाचत कोण बसतं? स्वतःच्या बापाचं वय, विहीर, अडचणी, बहिणीचं लग्न आणि आपली चौथी तिनं तिच्या वळणदार अक्षरात लिहून काढली होती. वर गावाचं नावही बरोबर घातलं होतं. आणि त्या मठ्ठ पोरीला सगळ्यात जास्त तीच हसली होती.

"अण्णा," ती हळू आवाजात म्हणाली, "त्यात लिहिलंय, शेतकरी समाधानी आहे."

"कोण, मी?" भुजंगरावांनी डोळे मोठे केले. "आगं, त्याच्या आदल्याच महिन्यात वादळ झालं होतं. बाग सगळी आडवी. समाधान कुठून येतंय? पोरगं उन्हानं लाल झालं होतं बिचारं. म्हणला, काका, समाधानी लिहू का? मी म्हणलं, लिही बाबा काय लिहायचं ते, पण सावलीला सरक."

म्हणजे ज्या फाईलवरून पोरांच्या इतक्या पिढ्या पास झाल्या, तिच्यातलं ते शेवटचं वाक्य मुळातच भुजंगरावांचं नव्हतं. ते त्या उन्हाचं होतं.

फॉर्मवर शेवटचा प्रश्न तसाच होता. शिल्पानं तो वाचला, घसा खाकरला आणि परीक्षकानं विचारावं तसं विचारलं, "आता तुम्ही समाधानी आहात का?"

"न्हाई," भुजंगराव म्हणाले.

आत लक्ष्मीबाईंचं भांडं वाजायचं थांबलं.

"कशानं?" शिल्पानं विचारलं. हे फॉर्मवर नव्हतं.

"केळीचं काय, कधी भाव असतो, कधी नसतो. ते चालायचंच." ते सदऱ्याचा डाग नखानं खरवडायला लागले. "तू नांदेडला गेल्यापासनं घरी येतीस, जेवतीस, फोन बघतीस अन् जातीस. आज पहिल्यांदा माझ्यापशी बसून तू मला काही विचारलीस. मला वाटलं लांबलचक असंल. तर हे बघ, संपलंच. तुमचा फॉर्म लई आखूड हाय मॅडम."

बाहेर कोंबड्या निवांत चरत होत्या.

"हे लिहू का?" शिल्पानं विचारलं.

"लिही की. विचारलीस ना?"

तिनं लिहिलं. फार हळू लिहिलं. उतरवताना इतका वेळ कधी लागला नव्हता. मग कोरा कागद घेतला आणि फॉर्ममध्ये नसलेले प्रश्न विचारायला लागली. नववीनंतर काय झालं? पहिली केळी कुणी लावली? तुम्हाला शाळेत कुठली कविता आवडायची? शेवटच्या प्रश्नाला भुजंगराव इतके लाजले की त्यांनी उत्तर आत जाऊन लक्ष्मीबाईंना सांगितलं आणि ते त्यांच्याकडून बाहेर आलं.

मग लक्ष्मीबाई पदराला हात पुसत खाटेशी येऊन उभ्या राहिल्या. "हेच शेतकरी व्हय? खुरपं कोण धरतंय, पाणी कोण सोडतंय? मला काही विचारायचं हाय का न्हाई तुमच्या कॉलेजात?"

फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' असंच छापलेलं होतं. धम्मप्रियानं नियम आठवून पाहिला, आणि मग पाहायचं सोडून दिलं. "लिही शिल्पा. शेतकरी क्रमांक दोन."

लक्ष्मीबाईंचं चाललं असतानाच कुंपणापलीकडून दगडोबा नावाचे एक म्हातारे डोकावले. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"भुजंगाला विचारता, त्याच्या बायकोला विचारता. अन् आमी? आमी काय केळी खात बसलो होतो का? आमचं उत्पन्न विचारायच्या लायकीचं न्हाई का?"

शिल्पाला भीती होती ती लोक हसतील याची. इथं लोक रुसायला लागले होते. दिवेलागणीला दोघी बसथांब्यावर आल्या, तोवर आणखी दोघांनी निरोप पाठवले होते की आम्ही उद्या घरीच आहोत.

बसमध्ये शिल्पा खिडकीला डोकं टेकून गप्प बसली होती. धम्मप्रियानं मोबाईल काढला आणि लातूरला लावला. क्लास सुटायची वेळ. केरबा दारात असणार.

"पप्पा, जय भीम. एक विचारू का? तुम्ही समाधानी आहात का?"

पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता. मग केरबा सावधपणे म्हणाले, "किती पाठवू?"

"पैसे नकोत, पप्पा!"

"मग काय झालं? तब्येत बरी हाय ना? कुणी काही बोललं का?"

तिला काहीच नको आहे हे पटवून द्यायला तिला अर्धापूर ते नांदेड एवढा रस्ता लागला. फोन ठेवताना केरबा म्हणाले, "ते समाधानाचं मुरूडला आलीस की बोलू. इथं दारात उभं राहून कसं सांगणार?" शिल्पा सगळं ऐकत होती. तिनं आपलं डोकं काचेवरून काढून धम्मप्रियाच्या खांद्यावर ठेवलं. बादलीचं भांडण तिथं मिटलं.

पुढचा सगळा आठवडा शिल्पा तास संपले की गावाला पळत होती. पण पंचाईत अशी की तिचे शेतकरी लवकर संपतच नव्हते. एकेकाकडे एक संध्याकाळ जायची. शुक्रवारपर्यंत जेवढे लागतात त्याच्या निम्मेच झाले. मल्लेश देगलूरहून सगळे पूर्ण करून आला होता, निम्मी उत्तरं तेलुगूतून मराठीत आणून. त्यानं मैत्रीखातर सुचवलं, "उरलेले जुन्या फाईलीतले घाल की. अर्धे खरे, अर्धे जुने. कोण मोजतंय?"

शिल्पानं त्याच्याकडे पाहिलं. "त्यातला एक तर माझा बाप हाय," ती म्हणाली. "बाकीचे पण कुणाचे तरी असतीलच ना?"

मल्लेशनं आपली फाईल उघडून पहिलं नाव पुन्हा वाचलं.

शनिवारी शिल्पा अर्धीच फाईल घेऊन चन्नबसप्पा सरांसमोर उभी राहिली. धम्मप्रिया शेजारी. सरांनी पानं चाळली.

"नियमाप्रमाणे निम्मे कमी आहेत."

"हाव सर."

"हे मी परत केलं तर तुझं वर्ष जाईल, माहीत आहे?"

"हाव सर."

सरांनी धम्मप्रियाकडे पाहिलं. "तुम्ही यावर सही करणार?"

धम्मप्रियाच्या हातात पेन होता. 'हे काम या विद्यार्थ्याने स्वतः केले आहे' याखाली तिनं सही केली. मग मनाला बरं वाटेना म्हणून त्याखाली आणखी लिहिलं: 'काम तिचे आहे. अपुरे आहे.' मैत्रिणीच्या फाईलवर असं लिहिताना तिचा कान लाल झाला होता. शिल्पानं ते वाचलं आणि मान डोलावली. म्हणजे, बरोबर लिहिलंस.

सर वाचत राहिले. लक्ष्मीबाईंच्या उत्तरापाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढला. लक्ष्मीबाईंनी सांगितलं होतं की त्यांचा दिवस भुजंगरावांच्या आधी उजाडतो आणि नंतर मावळतो, पण सातबाऱ्यावर त्याची नोंद नाही. सरांनी ते पुन्हा एकदा वाचलं.

"निम्मे गुण कापणार मी," ते म्हणाले.

"कापा सर."

"तुझी निम्मी फाईलसुद्धा जाड आहे गं," सर जवळजवळ तक्रारीच्या सुरात म्हणाले, आणि ती स्वीकारलेल्या फाईलींच्या गठ्ठ्यावर ठेवली. गुण मिळाले ते पास होण्यापुरते. मल्लेशला तिच्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळाले आणि ते त्यानं महिनाभर ऐकवले. पण वर्ष वाचलं.

सोमवारी धम्मप्रियाला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी भुजंगराव बोलून राहिलो. शिल्पाचा अण्णा. ते फॉर्मातलं एक उत्तर बदलायचं होतं. शेवटचं."

धम्मप्रियाला पटकन हो म्हणावंसं वाटलं. पण शेवटी ती धम्मप्रिया. "काका, तसं करता येत नाही. त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात, ते त्या दिवसाचं खरं होतं. ते खोडायचं नसतं."

"मग? आता जे खरं हाय त्याचं काय करायचं?"

तिनं विचार केला. नियमात याचं उत्तर होतं आणि ते चक्क चांगलं होतं. "जुनं तसंच ठेवायचं आणि नवं वेगळ्या कागदावर लिहायचं, नव्या तारखेनं. पण फोनवरून चालत नाही, काका. विचारणाऱ्यानं समोर बसून विचारावं लागतं."

मग भुजंगराव मोठ्यानं आत ओरडले, "ऐकलीस का गं, शिल्पाला रविवारी यावंच लागतंय म्हणतेत. कॉलेजचा नियमच हाय!"